आजीची खाट कोठे?

‘द सिम्स’ नावाचा संसाराचा एक खेळ मुले संगणकावर खेळतात. अमेरिकेतील विल राइट ह्यांनी तो रचिला; २००० साली तो प्रसिद्ध झाला. १९९१ साली ओकलंडच्या वणव्यात त्यांचे घर भस्मसात झाले होते. संसार नव्याने मांडताना कोणत्या वस्तूची खरी गरज असते, ह्या विचारातून खेळाची कल्पना त्यांस सुचली.

ह्या खेळाच्या पुढील आवृत्त्यांत माणसे जन्मतात, वाढतात, वृद्ध होतात, मरतात. तसतसे घरही बदलावे लागते. तान्ह्यास पाळणा, दुडदुडत्या बाळास छोटी खाट, पुढे मोठा पलंग. नको झालेला पाळणा विकून पैसेही मिळतात. खाट हलविण्यास मात्र तेथे कोणाची संमती लागत नाही.

आपल्या घरांत असे चालेल काय? सून आली, नातू झाला, की बहुधा पहिली हलते ती आजीची खाट, आणि ती पडवीत जाते. जागा अपुरी असता तसे करावेही लागते, हे आम्ही जाणतो. परंतु आधी तिला विचारावे, एवढेच आमचे सांगणे.

मूल हा खेळ खेळत असेल तेव्हा त्यास सहज विचारा, “आजीची खाट कोठे मांडलीस, बाळ?” त्याच्या उत्तरात आपल्याच घराची रीत ऐकू येण्याचा संभव आहे.