एका काळ्या चौकटीची बावीस वर्षे

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १० नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर केलेल्या एका निर्णयाची जगभरच्या वृत्तपत्रांनी मोठी दखल घेतली. रजोनिवृत्तीनंतरच्या त्रासासाठी दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनयुक्त औषधांच्या माहितीपत्रकावर २००३ पासून काळ्या चौकटीत एक इशारा छापला जात असे. त्यातील हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि संभाव्य स्मृतिभ्रंश यांविषयीचा मजकूर वगळण्याचा हा निर्णय होता. 'हार्मोन्सवरील बंधन उठले' असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. प्रत्यक्षात या निर्णयाचा सर्वात निर्विवाद भाग ज्या औषधांशी संबंधित आहे, त्यांची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ती औषधे म्हणजे योनिमार्गात लावायची मलमे आणि तेथेच ठेवायच्या अगदी कमी मात्रेच्या गोळ्या.

या इशाऱ्याचे मूळ 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी अभ्यासात होते. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची एकत्रित गोळी रोज घेणाऱ्या गटाचा अभ्यास जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. त्यात १६,६०८ स्त्रियांचा समावेश होता आणि त्यांचे सरासरी वय ६३ होते. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण अधिक आढळले. हा आकडा खोटा नव्हता. त्याची व्याप्ती मात्र वाटेल तशी ताणली गेली. पन्नाशीच्या आतबाहेरच्या स्त्रीला साठी ओलांडलेल्या स्त्रीचे निष्कर्ष लावले गेले. त्याहून विपरीत म्हणजे, पोटात घ्यायच्या गोळीचा इशारा बोटाच्या पेराएवढ्या मलमावरही जसाच्या तसा छापला गेला.

दोहोंतील अंतर साध्या हिशेबाने कळते. दहा मायक्रोग्रॅमची योनिमार्गातील गोळी पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा वापरली, तर वर्षभराची मात्रा एक मिलिग्रॅमहून किंचित अधिक भरते. पोटातून घ्यायच्या एका नेहमीच्या गोळीत साधारण तेवढे इस्ट्रोजेन असते. एका दिवसाचा डोस आणि एका वर्षाचा डोस यांना एकाच चौकटीत बसवणारा हा इशारा बावीस वर्षे टिकला. अनेक स्त्रियांनी डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध आणले, डबीतील कागद वाचला आणि डबी तशीच कपाटात ठेवून दिली.

याचा अर्थ नव्या निर्णयात सारेच आलबेल आहे असा नव्हे. जुलै २०२५ मध्ये ज्या तज्ज्ञांची बैठक घेण्यात आली, ती नेहमीची सल्लागार समिती नव्हती, अशी टीका झाली आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. पोटातून घ्यायची हार्मोन्स हृदयाचे व मेंदूचे रक्षण करतात, हा या निर्णयासोबत केला गेलेला दावा तर वादग्रस्तच आहे. केवळ इस्ट्रोजेन असलेल्या पोटातील औषधांवर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा इशारा कायम ठेवण्यात आला आहे, हेही विसरता कामा नये.

मुळात हा त्रास काय असतो? इस्ट्रोजेन घटल्यावर योनिमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते. तेथील आम्लता राखणारे उपकारक जिवाणू कमी होतात आणि इतर जंतूंना वाव मिळतो. आग, खाज, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना, वारंवार लघवीला लागणे, लघवी धरून ठेवता न येणे ही सारी लक्षणे एकाच कारणाच्या शाखा आहेत. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी त्यांना एकत्रित नाव दिले, त्यात लघवीच्या मार्गाचाही समावेश केला तो यामुळेच. अंगातून वाफा येण्याचा त्रास बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांनी ओसरतो. हा त्रास मात्र आपणहून जात नाही, उपचार न केल्यास वाढत जातो. 'वयोमानाने व्हायचंच' हे घराघरांतले उत्तर इथे साफ चुकते.

चुकीच्या उत्तराची किंमतही मोजावी लागते. लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा झाला की प्रतिजैविकांचा आणखी एक कोर्स दिला जातो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्ट्रिऑलचे मलम वापरणाऱ्या स्त्रियांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा, तर निव्वळ दिखाऊ मलम मिळालेल्यांना ५.९ वेळा असा संसर्ग झाला. हे ज्ञान तीस वर्षांहून जुने आहे! अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याला स्थान दिले आहे. आपल्याकडे खाजेची तक्रार आली की बुरशीवरचे औषध हाती पडते. मधुमेहाचे प्रमाण पाहता तेही पुष्कळदा योग्य असते. पण तपासणी न करता तेच औषध तिसऱ्यांदा देण्यात शहाणपण नाही.

उपचारांची पायरी अवघड नाही. सुगंधी साबण, जंतुनाशक द्रावणे आणि आतून धुण्याची सवय सोडणे ही पहिली पायरी. ओलावा टिकवणारे जेल आठवड्यातून दोन-तीनदा आणि संबंधाच्या वेळी वंगण ही दुसरी. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या चिठ्ठीने इस्ट्रोजेनचे मलम. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने आधी कर्करोगतज्ज्ञांशी बोलणे आवश्यक आहे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थोडासाही रक्तस्राव झाला तर मलमे बाजूला ठेवून तातडीने तपासणी करून घ्यावी. आणि 'नवयौवन' मिळवून देणाऱ्या लेसरच्या जाहिरातींबाबत सावध असावे. त्यांच्या सुरक्षिततेविषयी अमेरिकी प्रशासनाने २०१८ मध्येच इशारा दिला होता. गंमत अशी की स्वस्त मलमाला चौकट होती आणि महागड्या लेसरला झगमगीत फलक.

आपल्याकडचा प्रश्न मात्र चौकटीच्याही अलीकडचा आहे. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे आधी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांची मुलाखत होते ती १५ ते ४९ या वयोगटात. ज्या वयात हा त्रास बळावतो, त्या वयात स्त्री या सरकारी मोजणीतूनच बाहेर पडते. मोजले जात नाही त्यासाठी तरतूद कोण मागणार?

दुसरीकडे, काही जणींना ही अवस्था फार लवकर गाठते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते अशा तक्रारी, त्यात पाळीमुळे खाडा झाला की मुकादमाकडून होणारा दंड, यातून या शस्त्रक्रिया झाल्या. बीजांडेही काढली गेली असतील, तर तिशीतल्या स्त्रीची रजोनिवृत्ती त्याच दिवशी होते. त्यानंतर चाचणीची, औषधाची, हाडांच्या देखभालीची व्यवस्था काय, यावर चर्चा फार थोडी झाली. शस्त्रक्रिया थांबवण्याविषयी बोलले गेले. झालेल्यांचे पुढे काय, हा प्रश्न उसाच्या फडातच राहिला.

शहरातल्या पांढरपेशा घरांत चित्र वेगळे असले तरी बोलण्याची अडचण तीच. साखर आणि रक्तदाब तपासायला दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जाणारी साठीची स्त्री लेकासमोर किंवा सुनेसमोर ही तक्रार सांगत नाही. डॉक्टर विचारत नाहीत, कारण ती सांगत नाही. ती सांगत नाही, कारण डॉक्टर विचारत नाहीत. रक्तदाबाच्या नोंदीशेजारी 'लघवीचा, कोरडेपणाचा काही त्रास?' असा एक प्रश्न केसपेपरवर छापायला अमेरिकेच्या परवानगीची गरज नाही.