कॅसेटवर स्वार झालेले घोडे

एस्प्लनेड म्हणजे कोलकात्याचं दादर! देशातली पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली, ती इथूनच भवानीपूरपर्यंत. ट्रामचा डेपो इथलाच, लांब पल्ल्याच्या बसगाड्याही इथल्याच. एका अंगाला चौरंगी, मागे न्यू मार्केट आणि समोर नजर पोहोचणार नाही एवढं मैदान. बंगाली माणूस मात्र या चौकाला अजूनही धर्मतला म्हणतो.

या धर्मतल्याचं गाण्याशी नातं फार जुनं. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गनं १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला आणि हिंदुस्थानात तबकडीचं युग सुरू झालं. पुढच्या काही वर्षांतच 'कुंतलीन' हे केसाचं तेल विकून नाव कमावलेल्या हेमेंद्रमोहन बोस यांनी धर्मतला स्ट्रीटवर 'टॉकिंग मशीन हॉल' थाटला. तेल विकणारा हा हिकमती माणूस खुद्द रवींद्रनाथांचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर धरून ठेवत होता! त्यातली बहुतेक नळकांडी काळाच्या ओघात नष्ट झाली. रवींद्रनाथांनी गायिलेलं 'वंदे मातरम्' मात्र तबकडीवर आलं, त्या तबकड्या विकल्या गेल्या आणि हौशी लोकांच्या घरी पोहोचल्या. त्यामुळे ते आज ऐकता येतं. जो आवाज घरोघर गेला तो वाचला. एकाच कपाटात जपून ठेवलेला गेला.

सत्तर वर्षांनी याच शहरात हा प्रकार पुन्हा घडला. या वेळी हेमेंद्रमोहन बोसांसारखा कुणी व्यापारीही पाठीशी नव्हता. होते ते फक्त चाहते.

बँड म्हटला की आपल्याला आठवते लग्नाची वरात. कलकत्त्यात तेव्हा बँड म्हणजे पार्क स्ट्रीटवरच्या रेस्टॉरंटमधला, कोट-टाय लावून इंग्रजी गाणी वाजवणारा. गौतम चट्टोपाध्याय हा प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी अँग्लो-इंडियन मित्रांबरोबर तिथे गिटार वाजवत असे. मग तो नक्षलवादी चळवळीत ओढला गेला, तुरुंगात गेला आणि सुटल्यावर काही काळ मध्य प्रदेशात औषधांचा प्रतिनिधी म्हणून हिंडला. परत आला तो डोक्यात एक भन्नाट कल्पना घेऊन. बाऊलांची गाणी, जॅझ, रॉक असं सगळं एकत्र करून बंगालीत गायचं, आणि तेही चंद्र-तारे सोडून आपल्या शहराबद्दल, आपल्या काळाबद्दल!

१९७५ च्या सुमारास सातजण जमले. गौतमचे भाऊ प्रदीप आणि विश्वनाथ, शिवाय रंजन घोषाल, तापस दास, तपेश बंद्योपाध्याय आणि व्हायोलिन वाजवणारा अब्राहम मजुमदार. सातजण म्हणून आधी नाव ठेवलं 'सप्तर्षी'. नंतर 'तीरंदाज'. त्यानंतर चक्क 'गौतम चट्टोपाध्याय बीएस्सी ओ संप्रदाय'! (आपल्या वरातीतल्या बँडवाल्यांनीही हेवा करावा असं नाव.) अखेर रंजन घोषालनं जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतून नाव काढलं, 'मोहीनेर घोडागुली'. म्हणजे मोहीनचे घोडे.

१९७७, १९७८ आणि १९७९ अशी ओळीनं तीन वर्षं त्यांची एकेक छोटी तबकडी निघाली. तिन्ही मिळून गाणी दोन हातांच्या बोटांवर मोजावीत एवढीच. हेमंतकुमार आणि मन्ना डे यांच्या रेशमी आवाजावर वाढलेल्या बंगाली श्रोत्याला हे गाणं रुचलं नाही. ही कसली बंगाली गाणी, असं म्हणून बहुतेकांनी नाक मुरडलं. १९८१ मध्ये घोडे पांगले. कुणी अमेरिकेला गेला, रंजन घोषाल जाहिरातीच्या धंद्यात शिरून बंगलोरला स्थायिक झाला. गौतम सिनेमाकडे वळला आणि त्याच्या 'नागमती'ला १९८३ चा उत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणं मात्र संपलं होतं. निदान तसं वाटत होतं.

तबकडी विकली गेली नाही की कंपनी ती पुन्हा काढत नाही. मग जिच्या-तिच्या घरी जी एखादी प्रत असेल तेवढीच. पण ऐंशीच्या दशकात घराघरांत टू-इन-वन आले, त्यात दोन कॅसेटवाले आले आणि चित्र बदललं. तबकडी कुणाकडे आहे याचा शोध लावायचा, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन त्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि गाणी भरून आणायची. त्या कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी... अशा नकलांचा एक धर्म असतो. प्रत्येक पिढीगणिक खरखर वाढते, व्हायोलिनची वरची पट्टी बोथट होते. मूळ तबकडीवरचा ओरखडा मात्र इमानानं सगळ्या कॅसेटमध्ये उतरतो. ज्यांनी गाणं तसंच पहिल्यांदा ऐकलं, त्यांना तो 'टक्' असा आवाजही चालीचाच भाग वाटू लागतो.

एस्प्लनेडपासून पायी काही मिनिटांवर फ्री स्कूल स्ट्रीट आहे. नाव बदलून मिर्झा गालिब स्ट्रीट झालं, पण जुन्या तबकड्यांचा शौकीन जुनंच नाव घेतो. जुन्या रेकॉर्डची दुकानं ही या रस्त्याची कित्येक वर्षांची ओळख. बीटल्सच्या खाली सैगल, सैगलच्या खाली एखादं जत्रापाला. गुडघ्यावर बसून चळती उपसायच्या, हात काळे करून घ्यायचे, आणि भाव करताना चेहऱ्यावर आनंद दिसू द्यायचा नाही. दिसला की किंमत चढलीच! आपल्याकडे चोरबाजारात हिंडलेल्यांना हे शास्त्र वेगळं शिकवायला नको.

महाराष्ट्रातही असे वेडे कमी नाहीत. पुण्या-मुंबईत खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणं 'कुणाला देणार नसाल तर देतो' या अटीवर एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि अट मोडली गेली म्हणूनच बरीचशी टिकली. १९९० साली मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या मित्रांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली. कपाटातल्या तबकड्या बाहेर काढाव्यात, चारचौघांत वाजवाव्यात, त्यांची माहिती लिहून ठेवावी, हा तिचा हेतू. संग्राहकांत दोन जाती असतात. एक, 'माझ्याकडे आहे' यात सुख मानणारी. दुसरी, 'ऐकलंत का?' असं विचारल्याशिवाय जिला झोप येत नाही ती. मोहीनच्या घोड्यांचं नशीब असं की त्यांना दुसरी जात भेटली.

कॉलेजच्या आवारात, वसतिगृहांत, गच्चीवरच्या अड्ड्यांवर ही गाणी फिरू लागली. पुष्कळांना गाणारे कोण हे ठाऊक नव्हतं, बँड मोडला हेही ठाऊक नव्हतं. १९९२ मध्ये सुमन चट्टोपाध्याय यांचा 'तोमाके चाई' आला आणि बंगाली श्रोत्याचा कान नव्या गाण्याला सरावला. आता वेळ आली होती. १९९५ च्या पुस्तक मेळ्यात 'आबार बछर कुडी परे' ही कॅसेट आली. म्हणजे पुन्हा वीस वर्षांनी. हे नावही जीवनानंदांच्याच कवितेवरून घेतलेलं. २००६ पर्यंत हा मेळा एस्प्लनेडलगतच्या मैदानावरच भरत असे. नव्या मुलांनी, नव्या बँडनी गायिलेली जुनी आणि नवी गाणी त्या कॅसेटमध्ये होती. गौतमनं आपलं नाव मोठं केलं नाही. वर छापलं, 'मोहीनेर घोडागुली संपादित'. गाण्यांचा संपादक! ही कल्पनाच मोठी गोड आहे. त्यानंतर आणखी तीन कॅसेट निघाल्या, आणि पुढच्या काळात गाजलेल्या बंगाली बँडपैकी अनेकांनी याच मंडळींना गुरुस्थानी मानलं. २० जून १९९९ रोजी गौतम हृदयविकारानं गेला.

या कौतुकात एक काटा आहेच. घरी भरलेल्या कॅसेटमधून गाणाऱ्याला छदाम मिळत नाही. चाहता म्हणतो, 'आम्ही नकला केल्या नसत्या तर नाव कुणाला माहीत असतं?' ते खरंच आहे. पण नावावर वाणसामान येत नाही, हेही तितकंच खरं. आणि नावही नेहमी सोबत जातं असं नाही. १९९५ च्या त्या कॅसेटमध्ये 'पृथिबी' नावाचं एक गाणं होतं. दूरचित्रवाणीच्या खोक्यात जग आक्रसत चाललंय, असं सांगणारं. २००६ मध्ये 'गँगस्टर' चित्रपटात प्रीतमच्या संगीतात तीच चाल 'भीगी भीगी' होऊन आली. बांगलादेशच्या जेम्सनं ती गायिली आणि गल्लोगल्ली ती वाजली. खोक्याची गोष्ट विरहाची झाली! ती गुणगुणणाऱ्या मराठी मुला-मुलींपैकी किती जणांना मोहीनचे घोडे माहीत होते?

रंजन घोषाल जुलै २०२० मध्ये गेला. तापस दास, चाहत्यांचा 'बापीदा', शेवटपर्यंत नव्या मुलांना घेऊन गात राहिला. त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी फुटली आणि उपचाराला पैसे कमी पडताहेत हे कळलं, तेव्हा कोलकात्यात आणि सीमेपलीकडे बांगलादेशात झोळी फिरली. ज्यांच्या घरात मोहीनच्या घोड्यांची विकत घेतलेली तबकडी कधी आलीच नव्हती, त्यांनी पैसे पाठवले. कलाकारांनी त्याच्यासाठी कार्यक्रम केले. राज्य सरकारनंही उपचाराचा भार उचलला. नाकात नळी असलेला बापीदा त्या अवस्थेतही मंचावर जाऊन गायला.

२५ जून २०२३ रोजी तो गेला. त्याच्या मदतीसाठी ती गाणी म्हणणाऱ्यांपैकी अनेकजण, १९८१ मध्ये बँड मोडला तेव्हा जन्मलेही नव्हते.