पडदा काचेच्या आत की बाहेर?

१/ मे महिन्यातील दुपारचे तीन. मुंबईतील वा पुण्यातील एखाद्या काचेच्या कार्यालयीन इमारतीत या वेळी गेल्यास बहुतेक मजल्यांवर एकच दृश्य दिसते. खिडक्यांवरचे पडदे पूर्ण खाली, छतावरचे दिवे सुरू आणि वातानुकूलन यंत्रे अखंड चालू. उजेड यावा म्हणून काच लावली, तो सोसवेना म्हणून पडदा लावला आणि पडद्याने अंधार झाला म्हणून दिवा लावला. एकाच खिडकीसाठी तीनदा पैसे मोजले जातात. ही वेळ का आली, याचा हा धागा.

२/ उत्तर एका साध्या प्रश्नात आहे : पडदा काचेच्या कोणत्या बाजूला आहे? ऊन काचेतून सहज आत येते. आतल्या पडद्यावर पडले की तो तापतो आणि त्याची उष्णता बाहेर जाण्याऐवजी बहुतांशी खोलीतच राहते. कारण तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता उन्हासारखी काच ओलांडून जात नाही. बाहेरचा पडदाही तापतो, परंतु त्याची उष्णता वारा घेऊन जातो. आतला पडदा डोळ्यांना विसावा देतो. घराला विसावा देतो तो बाहेरचा पडदा.

३/ भारतीय उपखंडातील कारागिरांनी हे सूत्र लिहून ठेवले नाही, पण पिढ्यानुपिढ्या पाळले. चिकाचा पडदा हे त्याचे उत्तम उदाहरण. बांबू चिरून त्याच्या बारीक काड्या काढायच्या, त्या एकीला लागून एक ठेवून दोऱ्याने विणायच्या, कडांना कापडी पट्टी शिवायची. हा पडदा खिडकीच्या आत नव्हे, तर ओसरीच्या किंवा व्हरांड्याच्या बाहेरच्या कडेला टांगला जाई आणि दोरीने गुंडाळून वर घेता येई. महाराष्ट्रात बांबूकाम ही बुरूड समाजाची परंपरागत कला. पुण्याची बुरूड आळी आजही त्याच नावाने ओळखली जाते.

४/ चिकाचा आणखी एक गुण होता. दिवसा बाहेर प्रखर उजेड आणि आत सावली असल्याने आतल्या माणसाला रस्ता दिसे, रस्त्यावरच्याला आतले काही दिसत नसे. रात्री आत दिवा लागला की नेमके उलट होई. स्त्रियांना पडद्याआड ठेवणाऱ्या घरांत या गुणाचा वापर कसा झाला, हे सांगायला नको. एकाच वस्तूने वारा आत येऊ दिला आणि माणसांना आत ठेवले. चिकाचे गुणगान करताना हे विसरता येत नाही.

५/ कोरड्या हवेच्या मुलखात याच्या पुढचे पाऊल म्हणजे वाळ्याची ताटी. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त वाळ्याच्या ताट्यांनी केलेल्या थंड दालनांची नोंद केली आहे. ओल्या ताटीतून येणारी गरम हवा पाण्याच्या बाष्पीभवनामुळे थंड होते. विदर्भातील कूलरमध्ये आजही हेच तत्त्व चालते. दमट कोकणात त्याचा फारसा उपयोग नाही. तेथे पडवीला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले जात : ऊन आणि पावसाची झड अडवायची, वारा सोडायचा. प्रदेश बदलला की साहित्य बदलले, जागा मात्र बाहेरचीच राहिली.

६/ हा गारवा फुकट नव्हता. ताटीवर दिवसभर पाणी शिंपडायला माणूस लागे. आत गारवा घेणारा एक आणि बाहेर उन्हात उभा राहून पखाल रिकामी करणारा दुसरा. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बंगल्यांनी ही व्यवस्था जशीच्या तशी उचलली. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘चिक’ आणि ‘टट्टी’ हे दोन्ही शब्द आहेत, इतके ते अँग्लो-इंडियन जीवनात रुळले होते. तेव्हा जुने ते सारे सोने होते, असा निष्कर्ष येथे काढायचा नाही.

७/ युरोपातील उष्ण प्रदेशांनाही बाहेरची बाजू ठाऊक होती. भूमध्य सागराकाठच्या घरांना बाहेरून तिरप्या पट्ट्यांच्या झडपा असतात. फ्रेंचमध्ये त्यांना ‘पर्सिएन’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘पर्सियाना’. म्हणजे नावातच इराण आहे. पट्टी तिरपी असल्यामुळे ऊन अडते आणि फटीतून वारा वाहतो. गोव्यातील जुन्या घरांत शिंपल्यांची तावदाने बसवत. तीही प्रखर ऊन मवाळ करूनच आत घेत.

८/ पडदा काचेच्या आत स्थिरावला तो मुख्यतः थंड हवेच्या देशांत. तेथे उन्हाचे भय नव्हते. भय होते गालिचे आणि फर्निचर यांचा रंग उडण्याचे. पट्ट्यांच्या पडद्याला लंडनमध्ये १७६९ साली पेटंट मिळाले. पट्ट्यांचा कोन हवा तसा बदलण्याच्या यंत्रणेचे पेटंट न्यू ऑर्लिन्सच्या जॉन हॅम्पसनने १८४१ मध्ये घेतले. स्प्रिंगच्या रुळावर आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या पडद्याचे पेटंट १८६४ मध्ये स्टुअर्ट हार्टशॉर्नला मिळाले. आज दुकानात मिळणारे व्हेनिशियन आणि रोलर ब्लाइंड हे याच घराण्याचे वारस आहेत. शोध चांगलेच होते, पण ते दुसऱ्या हवामानाचे होते.

९/ आतला पडदा कोठे अपुरा पडतो, याचा धडा पॅरिसमध्ये मिळाला. १९३३ साली ल कॉर्बुझिए यांनी साल्व्हेशन आर्मीसाठी बांधलेल्या आश्रयगृहाची दक्षिणेकडील बाजू उघडता न येणाऱ्या काचेची होती. नियोजित शीतनयंत्रणा खर्चापायी बसलीच नाही. उन्हाळ्यात इमारत असह्य तापली आणि तीत राहत होते ते शहरातील बेघर. युद्धानंतरच्या दुरुस्तीत काचेच्या बाहेर ऊन अडवणारी जाळीदार रचना बसवावी लागली.

१०/ तोच वास्तुकार भारतात आला तेव्हा धडा शिकलेला होता. तत्कालीन मुंबई राज्यातील अहमदाबादेत १९५४ साली पूर्ण झालेल्या गिरणीमालक संघाच्या इमारतीला पश्चिमेकडून काँक्रीटच्या तिरप्या फळ्या आहेत. त्याआधीच पुदुच्चेरीत अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या वसतिगृहात अँटोनिन रेमंड यांनी बाहेरच्या बाजूला सरसकट हलत्या आडव्या पट्ट्या बसवल्या होत्या. ‘गोलकोंड’ म्हणजे चिकाच्या पडद्याचीच इमारतीएवढी आवृत्ती होय.

११/ मुंबईनेही हे ओळखले होते. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल परिसरातील आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर छज्जे आहेत. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. ते ऊन छज्जा अडवतो. चार वाजल्यानंतर पश्चिमेकडून तिरपे येणारे ऊन मात्र छज्जाखालून आत शिरते. तेथे खाली सोडता येणारा पडदाच हवा आणि तोही बाहेरून. छज्जा आणि चिक हे एकमेकांना पूरक होते.

१२/ मग बिघडले कोठे? १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये मीस व्हान डेर रोह यांची सीग्रॅम इमारत उभी राहिली. तिच्या खिडक्यांचे पडदे तीनच स्थितींत थांबतात : पूर्ण उघडे, अर्धे किंवा पूर्ण बंद. प्रत्येकाने आपापल्या सोयीने पडदा ओढला तर इमारतीचा चेहरा विस्कळीत दिसेल, हे त्यामागचे कारण. आत बसणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा बाहेरून पाहणाऱ्याची नजर महत्त्वाची ठरली. जगभरच्या काचेच्या मनोऱ्यांनी या इमारतीचा कित्ता गिरवला.

१३/ १९५९ साली पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काचेची पद्धत जाहीर केली आणि मोठी, सपाट, निर्दोष काच स्वस्त होत गेली. वातानुकूलन होतेच. भारतात १९९१ नंतर ही काच प्रगतीची खूण बनली. वास्तुकाराला सावलीची गरज उरली नाही. ती जबाबदारी विजेच्या बिलाकडे गेली. ते बिल बहुधा इमारत उभारणारा भरत नाही. ते भाडेकरू भरतो. आणि यंत्रांनी बाहेर फेकलेली गरम हवा रस्त्यावरचा भाजीवाला सोसतो.

१४/ या साखळीत पडदे बनवणारा आणि बसवणारा कारागीर सर्वांत शेवटी येतो. तो चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजतो आणि चौकटीच्या आत बसवायचा असेल तर सर्वांत कमी माप धरतो. कारण भिंत कधीच पूर्ण सरळ नसते. कोणती खिडकी संध्याकाळी तापते, हे तो खोलीत पाऊल टाकताच सांगू शकतो. पण तोवर काच बसलेली असते, छज्जा वगळलेला असतो आणि बाहेर खिळा ठोकायलाही जागा नसते. त्याला विचारले जाते ते इतकेच : रंग कोणता चांगला दिसेल?

१५/ घरांची कथा वेगळी नाही. अनेक गृहनिर्माण संस्थांत बाहेरून चिक किंवा ताडपत्री लावण्यास मनाई असते, कारण इमारत एकसारखी दिसली पाहिजे. सीग्रॅमचाच नियम सोसायटीच्या सूचनाफलकावर उतरला आहे. मात्र त्याच भिंतीवर वातानुकूलन यंत्रांचे खोके वाटेल तसे टांगलेले चालतात. पश्चिमेच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला सावली नाकारायची आणि यंत्र विकत घेण्याची मुभा द्यायची, हे सौंदर्यदृष्टीच्या नावाखाली केलेले अन्याय्य वाटप आहे.

१६/ यावरचे आक्षेप खरे आहेत. उंच मजल्यावर वाऱ्याने पडदा फाटेल, पावसाळ्यात बांबू कुजेल, सुटून खाली पडला तर कोणाच्या डोक्यात बसेल. परंतु जर्मनी आणि स्पेनमध्ये खिडकीबाहेर गुंडाळत्या झडपा सर्रास असतात. त्या दोन्ही बाजूंच्या खाचेतून चालतात, मोकळ्या लोंबत नाहीत. पाच-सात मजली इमारतींना तर एवढ्याचीही गरज नाही. बाल्कनी आहे तेथे तिच्या बाहेरच्या कडेला आकडे आणि दोरी पुरे. पावसाळ्यात पडदा उतरवून ठेवता येतो. प्रश्न तंत्राचा कमी आणि इच्छेचा अधिक आहे.

१७/ कायद्याची दिशाही याला प्रतिकूल नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. घरांसाठीची ‘इको निवास संहिता’ २०१८ ची. भिंतीच्या मानाने काच किती आणि तिच्यावर छज्जाची सावली किती, याचा हिशेब त्यांत आहे. २०१७ मध्येच वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आणि त्याची तोड व वाहतूक सुकर झाली. साहित्य उपलब्ध आहे, कारागीर आहेत. नाही ती मागणी, कारण मागणी करण्याची जागाच नकाशातून पुसली गेली आहे.

१८/ म्हणून मागण्या तीनच. पडदे बसवणाऱ्याला इमारत पूर्ण झाल्यावर नव्हे, नकाशा आखतानाच बोलवावे. पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीबाहेर पडदा टांगण्याची सोय बांधकामातच ठेवावी. आणि सुरक्षित रीतीने लावलेल्या बाहेरच्या पडद्याला सोसायट्यांनी मनाई करू नये. हवा तर सर्वांसाठी एक रंग ठरवून द्यावा.

१९/ जुन्या व्यवस्थेत सावली होती, पण ती कोणाच्या तरी पाठीवरच्या पखालीवर उभी होती. आजच्या व्यवस्थेत पखाल गेली आणि तिच्याबरोबर सावलीही गेली. पखालीविना सावली आज शक्य आहे. त्यासाठी पडदा पुन्हा काचेच्या बाहेर न्यावा लागेल.

(धागा समाप्त)