समानता मापात बसली पाहिजे

‘एक राज्य, एक गणवेश’ ही घोषणा झोकदार होती. २०२४-२५ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांनी राज्यभर सारखे कपडे घालायचे होते. एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाचे बचत गट शिवणार, दुसरा स्काउट-गाइडचा, त्याचं कापड शाळेला मिळणार. प्रत्यक्षात शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोचले नाहीत. जे पोचले, त्यांतले कुठे ढगळ, कुठे आखूड निघाले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली.

हे बरंच झालं. पण म्हणून गणवेशच नको, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकत्र बसवली. एका वर्गात कपड्यांवरून कुणाची ऐपत कळू नये, हा त्याच वाटेवरचा विचार आहे. तो वर्गापुरता पाळला तरी पुरे. गगनबावड्याच्या पोराचा शर्ट गडचिरोलीच्या पोराच्या शर्टाशी जुळल्यानं दोघांचंही काही भलं होत नाही. गगनबावड्याला जूनच्या झडीत दुसरा कोरडा जोड लागतो, तोही शाळेच्या पहिल्याच आठवड्यात.

समित्यांकडे पैसे गेले की कमिशन आणि हलकं कापड येतं, हा आक्षेप खोटा नाही. त्यावर उपाय गावातच आहे. कापडाचा नमुना, दर आणि दुकानाचं नाव शाळेच्या फलकावर लावा, पालक स्वतःच कापड चुरगाळून बघतील. यंत्रमागांची इचलकरंजी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या शाळांनी कापडासाठी मुंबईच्या निविदेकडे डोळे लावून बसावं, हे तर नवलच.

खरी अडचण पैशांची आहे. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांना मिळून ६०० रुपये ठरलेत. तीनशेत कापड, बटणं आणि शिलाई बसवून दाखवा, असं कुठल्याही शिंप्याला सांगून बघा. रक्कम वाढवा आणि ती उन्हाळी सुट्टीआधी शाळेच्या खात्यात टाका. एप्रिलमध्ये मापं घेतली, शिंप्यानं शिवणीत थोडी माया सोडली, तर जूनमध्ये पोरांच्या अंगावर गणवेश असेल. रंग कुठला, ते समिती ठरवेल.