शेंगेनचा व्हिसा आणि गायरानाचा सातबारा

२०२४ या एका वर्षात भारतातून युरोपच्या शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांपैकी सुमारे १ लाख ६५ हजार फेटाळले गेले. प्रस्थापित वृत्तपत्रांनी या आकड्यांच्या मोठ्या बातम्या केल्या. सुट्टीत आल्प्सचा बर्फ पाहायला निघालेल्या मध्यमवर्गाचे पैसे कसे बुडाले, विमानाची तिकिटे कशी वाया गेली, असा त्यांचा एकूण सूर होता. नांदेडच्या किंवा लातूरच्या भीमनगरात बसून ही बातमी वाचणाऱ्याला वाटेल की हे श्रीमंतांचे रडगाणे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना २००३ साली सुरू झाली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजाची मुले त्या बळावर परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांचा विद्यार्थी व्हिसा वेगळा असतो. परंतु मुलीच्या पदवीदान समारंभाला जर्मनीला जावे असे तिच्या आईवडिलांना वाटले, तर त्यांना हाच अल्पमुदतीचा व्हिसा काढावा लागतो. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेपुढे जातीय अत्याचाराची कैफियत मांडायची, तरी हाच व्हिसा लागतो, कारण स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे. हंगेरीत रोमा समाजातल्या तिबोर देरदाक, यानोश ओर्शोश यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांच्या विचारातून 'जय भीम नेटवर्क' उभे केले, २००७ साली शायोकाझा येथे बाबासाहेबांच्या नावाची शाळा काढली. त्या शाळेत जाऊन मुलांना 'जयभीम' करायचा, तरी हाच व्हिसा! लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर, जे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, ते मात्र या व्हिसावर पाहता येत नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा, त्याची फी वेगळी. लंडनचे घर पाहून तसेच पुढे पॅरिस करून येऊ, असा बेत आखणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

व्हिसा हा शब्द आंबेडकरी वाचकाला नवा नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या छोट्या पुस्तिकेला 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे नाव दिले. परदेशाहून विद्वत्ता घेऊन आलेल्या माणसाला १९१७ साली बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, ती हकीकत त्यात आहे. मराठवाड्याची हकीकतही त्यात आहे. १९३४ साली बाबासाहेब आणि चळवळीतले कार्यकर्ते वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून थांबले, हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि पाणी बाटवले म्हणून त्यांच्यावर जमाव धावून आला. पुढे किल्ला पाहताना पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर पहारेकरी दिला गेला. पर्यटनाला निघालेल्या माणसांचा तो जथा होता. आपल्याच मुलखात त्यांना परवानगी लागत होती, आणि ती देणारा माणूस त्यांच्याकडे जात पाहूनच बघत होता.

शेंगेनच्या अर्जात जातीचा रकाना नाही. मुंबईच्या काउंटरवर बसलेला कर्मचारी कोणाला आडनावावरून हाकलत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. उगीच आरोप करून आपली बाजू बळकट होत नसते. तरीही जात त्या अर्जात शिरते. ती कागदांच्या वाटेने शिरते.

कशी ते पाहू. शेंगेन हे लक्झेम्बर्गमधले एक लहान गाव. तिथे १४ जून १९८५ रोजी झालेल्या करारातून ही व्यवस्था उभी राहिली आणि आज तिच्यात २९ देश आहेत. एका देशाचा व्हिसा मिळाला की सर्वत्र फिरता येते, मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा; मुक्काम सारखा असेल तर जिथे पहिले पाऊल पडणार त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून देता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, प्रकरण अडले तर ४५ दिवसही जातात. ११ जून २०२४ पासून प्रौढांची फी ८० वरून ९० युरो झाली, म्हणजे आपल्या रुपयांत नऊ हजारांच्या आसपास. ती नकार आला तरी परत मिळत नाही. अर्ज गोळा करणाऱ्या खासगी कंपनीचे सेवाशुल्क वेगळे, ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा वेगळा. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. नऊ हजार म्हणजे महिनाभर खणलेली माती!

टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्रे काढण्याची योजना २०१७ साली आली. तिच्यामुळे नांदेड-लातूरच्या माणसाचा पासपोर्ट निदान जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ लागला. व्हिसाचे तसे नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहावे लागते आणि त्याची केंद्रे मुंबई, पुणे, हैदराबाद अशा शहरांत. नांदेडकराला हैदराबाद जवळ, पण तिथे आपला अर्ज घेतील की नाही हे ज्या त्या देशाच्या नियमावर. म्हणजे रात्रीची गाडी, सकाळी काउंटर, पुन्हा रात्रीची गाडी आणि एक कागद कमी पडला तर दुसरी खेप. ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात, एवढा दिलासा. पण ऊसतोडीत, बांधकामात घासलेली बोटे रेशनच्या आणि आधारच्या यंत्रावर उमटत नाहीत, हा आपल्या वस्त्यांतला रोजचा अनुभव आहे. इकडे नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला येणारा युरोपचा नागरिक बहुधा घरी बसून संगणकावर ई-व्हिसा काढून येतो. त्याला कोणी रात्रीच्या गाडीने बोलावत नाही.

परंतु फी आणि अंतर हा प्रश्नाचा वरवरचा भाग झाला. खरा प्रश्न एकच आणि साऱ्या अर्जाचा कणा तोच आहे: तुम्ही परत येणार कशावरून? नकाराचा जो छापील नमुना असतो, त्यात एक कारण असे की मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याविषयी रास्त शंका आहे. ही शंका दूर करायची कशाने? कायम नोकरीचे पत्र, रजेचा मंजूर अर्ज, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रे, काही महिन्यांचा बँकेचा उतारा, घर आणि शेतीचे कागद यांनी. माणसाची मुळे आपल्या मातीत रुजलेली आहेत हे त्याने कागदावर दाखवायचे.

आता मराठवाड्यातल्या आपल्या माणसाकडे पाहा. त्याच्या बापाने किंवा आजाने गायरान फोडून वहिती केली. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. पुढे १९९१ साली शासनाने निर्णय काढला की १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करावीत. किती जणांच्या नावावर जमीन झाली? वहिवाट चाळीस वर्षांची, दगड वेचून हात सोलले ते या कुटुंबाचे, आणि सातबाऱ्यावर मात्र 'सरकार, गायरान' असे लिहिलेले. गावचा पाटील जे दाखवू शकतो ते हा दाखवू शकत नाही. मातीला खिळलेला माणूस कागदावर मोकाट ठरतो, आणि मोकाट माणूस युरोपात गेल्यावर परत येईल यावर अधिकाऱ्याचा विश्वास बसत नाही. अधिकाऱ्याने जात विचारली नाही. तलाठ्याच्या दप्तराने ती आधीच सांगून टाकली होती.

नोकरीचेही तसेच. आरक्षणाच्या जागा अनुशेषात कुजत पडल्या आणि सफाई कामगारापासून संगणकचालकापर्यंत सारे कंत्राटदाराच्या हाताखाली गेले. कंत्राटदार वेतनचिठ्ठी देत नाही, रजेचे पत्र तर दूरच. जन्मतारखेची आणखी एक गंमत: आपल्या वडीलधाऱ्या पिढीत निम्म्या वस्तीचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनीच ती तारीख ठोकून दिली. आधारवर एक साल, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, मतदार यादीत तिसरे. धर्मांतरानंतर काही घरांनी नावे बदलली, आडनावे बदलली, सुनांची नावे लग्नात बदलली. नामांतराच्या दंगलीत १९७८ साली नांदेड जिल्ह्यात वस्त्या पेटल्या, टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर जिल्ह्यातली गावे जमीनदोस्त झाली. घर जळते किंवा कोसळते तेव्हा लोखंडी पेटीतले कागदही जातात. पुढे त्या घरातल्या माणसाला 'जुना दाखला आणा' म्हणणे सोपे असते.

युरोपियन संसदेने २०१३ साली जातिभेदाच्या विरोधात ठराव केला, त्याआधी २००७ आणि २०१२ सालीही केले. त्या ठरावांचे आपण स्वागतच केले पाहिजे. पण त्याच युरोपच्या व्हिसा नियमांत भूमिहीनतेचा अर्थ 'परत न येण्याची शक्यता' असा लागतो, हेही त्यांना सांगायला हवे. कोणी सांगायचे? जिनिव्हाला आपली जी शिष्टमंडळे जातात त्यांत दिल्ली, मुंबई, पुण्याची इंग्रजी बोलणारी मंडळीच अधिक असतात. कोपनहेगनच्या आंतरराष्ट्रीय दलित एकता संघटनेला संयुक्त राष्ट्रांची सल्लागार मान्यता मिळायला पंधरा वर्षांच्या आसपास ताटकळावे लागले. ती २०२२ च्या डिसेंबरात मिळाली. दार उघडले, पण त्या दारातून आत जाणार कोण? नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत १ जून २०२३ रोजी एका तरुणाची हत्या झाली. गावात भीमजयंती काढल्याच्या रागातून ती झाली, अशी फिर्याद आहे. उद्या अशा वस्तीतल्या माणसाला जगापुढे स्वतःच्या तोंडाने बोलायचे असेल, तर त्याच्या वतीने दुसऱ्याने निवेदन वाचून दाखवणे पुरेसे नाही. आणि त्याचा अर्ज 'आर्थिक साधने अपुरी' म्हणून परत आला, तर त्याची नोंद आपल्या कोणत्या संघटनेकडे असते? माझ्या पाहण्यात तरी कोणी ठेवत नाही.

या पोकळीत एजंट घुसतात. खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी दोन लाख टाकून देतो, नोकरीचे पत्र बनवून देतो, हॉटेलचे खोटे आरक्षण देतो, असे सांगून माणसाला बुडवतात. अचानक आलेली ठोक रक्कम अधिकाऱ्याला पहिल्या नजरेत दिसते. खोट्या कागदाची आणि नकाराची नोंद शेंगेन देशांच्या सामाईक संगणकात पाच वर्षांपर्यंत राहते आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला आडवी येते. १९२१ साली बाबासाहेबांना बॉन विद्यापीठात प्रवेश हवा होता, तेव्हा त्यांनी प्रशियाच्या शिक्षण खात्याला स्वतः जर्मन भाषेत अर्ज लिहिला, सोबत आपला जीवनवृत्तान्त जोडला आणि त्यांचे नाव तिथल्या पटावर लागले. आपल्याकडे आहे ते खरे, सविस्तर, त्यांना समजेल अशा भाषेत मांडायचे, हाच मार्ग आजही चालतो.

सातबारा नसेल तर ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, अतिक्रमण नियमित करण्याच्या प्रकरणाची पोच, शाळेत शिकणाऱ्या लेकरांचे बोनाफाइड, बचत गटाचे पासबुक, संस्थेतल्या पदाचे पत्र जोडून एका पानाच्या अर्जात कुटुंब, काम आणि परतीची तारीख सांगता येते. खर्च यजमान करणार असेल तर त्याने तिथल्या कार्यालयात रीतसर हमीपत्र भरून द्यावे. नुसते प्रेमाचे निमंत्रण उपयोगाचे नाही. व्हिसा हाती येईपर्यंत तिकिटाचे पैसे भरू नयेत, आरक्षण दाखवावे. नकार आला तर कारण लेखी द्यावेच लागते आणि दाद मागण्याचा हक्क असतो, पण तो ज्या त्या देशाच्या कायद्याने. जर्मनीने तर फेरविचाराच्या अर्जाची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जा. नांदेडचा माणूस बर्लिनला वकील कुठून लावणार? एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी सवलत आली की तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले तर पुढचा दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा मिळू शकतो. चांगली गोष्ट आहे, पण ती एकदा आत गेलेल्यांसाठी. पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्याला तिचा काही उपयोग नाही.

एक तरतूद मात्र आपल्या तरुणांच्या थेट कामाची आहे आणि एजंट ती कधी सांगत नाहीत. नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेचा पंचवीस वर्षांपर्यंतचा प्रतिनिधी अशाच संस्थांनी भरवलेल्या परिषदेला, चर्चासत्राला किंवा सांस्कृतिक कार्यक्रमाला जात असेल, तर त्याला व्हिसाची फी माफ आहे. नांदेड-लातूरमध्ये नोंदणी झालेली आपली मंडळे, विहार समित्या, विद्यार्थी संघटना थोड्या नाहीत. त्यांच्यापैकी एखाद्या विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ हे अर्ज वाचून, तपासून देणारे टेबल लागले, आलेल्या प्रत्येक नकाराची प्रत तिथे जमा झाली, तर वर्षभरात जिनिव्हात आणि ब्रुसेल्समध्ये दाखवण्याजोगा पुरावा हाती येईल. मानवाधिकार परिषदेचे उन्हाळी अधिवेशन जूनमध्ये सुरू होते. त्यासाठीचा अर्ज डिसेंबरपासून देता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर काउंटरची वेळ मिळणेही मुश्कील होते. संस्थेचा अद्ययावत लेखापरीक्षण अहवाल आणि नोंदणीपत्राची प्रत त्याआधी हाताशी हवी, आणि आपल्या बहुतेक मंडळांचे घोडे नेमके तिथेच अडलेले असते.