'हात शांत ठेव' असे सांगण्यापूर्वी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॅन्टन या गावी 'जज रोटेनबर्ग एज्युकेशनल सेंटर' नावाची एक निवासी संस्था आहे. स्वमग्न व बौद्धिकदृष्ट्या अक्षम अशा मुलांना आणि प्रौढांना तेथे ठेवले जाते. त्यांपैकी काहींच्या हातापायांना विद्युतपट्ट्या बांधायच्या, यंत्र पाठीवरच्या पिशवीत ठेवायचे आणि नको असलेले वर्तन घडताच कर्मचाऱ्याने रिमोटचे बटण दाबून विजेचा झटका द्यायचा, ही पद्धत तेथे काही दशके चालत आली.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपयोगावर बंदी घातली. हे प्रशासन एखाद्या वैद्यकीय साधनावर क्वचितच बंदी घालते. तोवरच्या इतिहासातील ही केवळ तिसरी बंदी होती. जुलै २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ती दोन विरुद्ध एक मताने रद्द केली. साधनावर सरसकट बंदी न घालता त्याच्या एका विशिष्ट उपयोगापुरतीच बंदी घालण्याचा अधिकार प्रशासनाला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून तो अधिकार बहाल केला आणि मार्च २०२४ मध्ये प्रशासनाने बंदीचा प्रस्ताव नव्याने मांडला. दरम्यान सप्टेंबर २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र संस्थेला संरक्षण देणारा १९८० च्या दशकातील समझोता कायम ठेवला होता.

संस्थेची बाजूही ऐकली पाहिजे. स्वतःला गंभीर इजा करणाऱ्या आणि अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या व्यक्तींसाठीच, न्यायालयाच्या परवानगीने हे झटके दिले जातात, असे ती सांगत आली आहे. काही पालक तिच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले. त्या पालकांना आम्ही क्रूर म्हणणार नाही. ज्यांचे मूल भिंतीवर डोके आपटून रक्तबंबाळ होते, त्यांच्यावर काय प्रसंग ओढवतो, हे दुरून कळत नाही.

तथापि 'नको असलेले वर्तन' या तीन शब्दांपाशी आम्ही थबकलो. ते ठरवायचे कोणी? २००६ साली न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण विभागाने या संस्थेची पाहणी केली, तेव्हा किरकिर करणे, अपशब्द वापरणे, नीटनेटके न राहणे अशा कारणांसाठीही झटके दिले जात असल्याचे अहवालात नोंदले गेले. तेथे राहून बाहेर पडलेल्या काहींनी पुढे सांगितले, की अंगाच्या लहानसहान हालचालींसाठीही त्यांना झटके मिळत होते. जिवावर बेतणाऱ्या वर्तनासाठी म्हणून आणलेला उपाय हळूहळू केवळ विचित्र दिसणाऱ्या वर्तनापर्यंत पोहोचला. आमच्या मते या प्रकरणातील खरी चिंतेची बाब हीच आहे, आणि ती एकट्या अमेरिकेची नाही.

स्वमग्न व्यक्ती हात फडफडवतात, पुढेमागे डुलतात, बोटे डोळ्यांसमोर नाचवतात, एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतात, दोरा गुंडाळतात आणि सोडतात. या हालचालींना इंग्रजीतून आलेला 'स्टिमिंग' हा शब्द आता रूढ झाला आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख वैद्यकाला करून दिली, तेव्हा वस्तू गरगर फिरवण्यात रमणारी मुले त्यांच्या नोंदींत होतीच. आजही निदानाच्या निकषांत या हालचालींचा समावेश आहे. मात्र त्या कशासाठी होतात, हा प्रश्न स्वमग्न व्यक्तींनाच विचारावा, असे बराच काळ कोणास सुचले नाही.

त्याऐवजी त्या थांबवाव्या कशा, यावर बुद्धी खर्च झाली. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच वर्षांची जुळी भावंडे, दोघेही स्वमग्न, दिवसाचा बहुतांश वेळ डुलण्यात आणि हात हलवण्यात घालवीत. त्यांना विजेचे झटके देऊन त्या हालचाली व आक्रस्ताळेपणा कमी केल्याचे त्यात नमूद आहे. १९८७ साली लोव्हास यांचा अधिक गाजलेला अभ्यास आला. आठवड्याला ४० तासांच्या वर्तनोपचाराने १९ पैकी ९ मुले सर्वसामान्य बौद्धिक पातळीवर आली, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभरच्या पालकांना त्याने आशा दिली. त्या उपचारात दरडावून 'नाही' म्हणणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणे हेही होते, ही गोष्ट आशेच्या भरात मागे पडली.

वर्तनोपचार तेथेच थांबला नाही, हे सांगणे न्यायाचे आहे. २०२२ साली वर्तन-विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेच विजेच्या झटक्यांच्या विरोधात भूमिका घेतली. झटका गेला, चापटही बहुधा गेली. 'हात शांत ठेव' ही आज्ञा मात्र उरली. आज ती गोड आवाजात दिली जाते, पाळली की चॉकलेट मिळते.

आता त्या हालचालींविषयी. २०१९ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ३२ स्वमग्न प्रौढांची मते एका अभ्यासात मांडली. आवाज, प्रकाश, गर्दी यांचा मारा असह्य झाला की या हालचालींनी मन स्थिर होते, असे त्यांनी सांगितले. आपल्याभोवती जे घडते त्यावर आपला ताबा नसतो. हाताची तीच ती हालचाल मात्र आपल्या ताब्यात असते आणि ती कधी फसवत नाही. अनेकदा भीतीपोटी नव्हे, तर अपार आनंदानेही हात फडफडतात. लोकांच्या नजरा टाळण्यासाठी हे सारे दाबून ठेवावे लागते, हेही त्यांनी सांगितले. आपले स्वमग्नपण लपवीत जगण्याचा संबंध आत्महत्येच्या विचारांशी असल्याचे २०१८ च्या एका संशोधनात आढळले आहे. वर्गात निश्चल बसलेले मूल घरी येताच कोसळते, त्याचे कारण पालकांना अनेकदा ठाऊक नसते. दिवसभर हात आवरण्यातच त्याची सारी शक्ती संपलेली असते, अशा वेळी शिकवलेले कानावरून जाणारच.

आणि आपण तरी काय वेगळे करतो? डॉक्टरांच्या खोलीबाहेर पाय हलवीत बसतो, पाळणा आपसूक झुलवतो. हे लिहीत असताना आमच्या पेनाचे टोपण आम्हीच चघळून विद्रूप केलेले समोर पडले आहे. आमच्या त्या सवयीसाठी कोणी आम्हाला उपचारकेंद्रात धाडलेले नाही!

आपल्या देशात हा प्रश्न एका चमत्कारिक पेचात सापडला आहे. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिला स्थान दिले. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मापनश्रेणी वापरली जाते, तीत ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण. एकूण गुण ७० पेक्षा कमी भरले तर स्वमग्नता नाही असे धरले जाते. शरीराच्या तोच-तोचपणाच्या हालचाली ही त्या ४० मधील एक बाब आहे. आता एखाद्या मातेची स्थिती पाहा. शाळा प्रवेश देताना म्हणते, 'मूल एका जागी शांत बसले पाहिजे.' म्हणून ती महिन्याचे हजारो रुपये खर्चून त्याचे हात शांत करवून घेते. पुढे प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात जाते, तेव्हा तपासनीसाला मूल शांत दिसते आणि गुण कमी पडण्याची धास्ती तिला वाटू लागते. जे एका दारात लपवायचे, तेच दुसऱ्या दारात दाखवायचे! दोन्ही दारांत मुलाला त्रास काय होतो, हे विचारायला कोणास सवड नाही.

शाळांना आणि रुग्णालयांना बोल लावून आम्हाला मोकळे होता येणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात सेवा करीत असताना रविवारच्या मिस्सात एक सात-आठ वर्षांचा मुलगा पुढच्या बाकावर बसत असे. वेदीवरील घंटा वाजली की तो उभा राही, दोन्ही हात पंखांसारखे फडफडवी आणि घशातून एक उंच स्वर काढी. लोक वळून पाहत. एका रविवारी आम्ही वेदीवरूनच मुलाला बाहेर नेण्याची खूण केली. आई मुकाट्याने उठली. त्यानंतर ती येत राहिली, पण मंदिराबाहेर, चिंचेच्या झाडाखाली उभी राहून. हे आमच्या लक्षात यायला कित्येक महिने गेले, ही आमची दुसरी चूक.

शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा पुढे ठेवून ती म्हणाली, "फादर, घंटा वाजली की त्याला खूप आनंद होतो. त्याला बोलता येत नाही, म्हणून तो हातांनी सांगतो. तुम्ही हात केलात तेव्हा तो नाही घाबरला, मी घाबरले." आम्ही क्षमा मागितली. तिने ती लगेच केली, याचेच आम्हाला अधिक वाईट वाटले. संपूर्ण मंदिरात त्या घंटेने इतका हर्ष झालेली ती एकच व्यक्ती असावी, आणि आम्ही तिलाच बाहेर पाठवले होते.

२२ नोव्हेंबर २०१४ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी स्वमग्नतेवरील परिषदेसाठी व्हॅटिकनमध्ये जमलेल्यांपुढे बोलताना या कुटुंबांच्या वाट्याला येणारा एकाकीपणा आणि कलंक मोडून काढण्याचे आवाहन केले होते. परदेशांतील काही धर्मग्रामांत मंद दिवे व सौम्य संगीत ठेवून अशा कुटुंबांसाठी वेगळी मिस्सा साजरी केली जाते. ज्या मुलाला ढोल आणि ध्वनिक्षेपक सहनच होत नाहीत, त्याच्यासाठी ती चांगली सोय आहे. मात्र सर्वच स्वमग्न मुलांची रवानगी तिकडे करून बाकीची मंडळी निवांत झाली, असे होऊ नये, एवढी शंका आम्हाला आहे.

हालचाल कोणतीही असो, तिला हात लावूच नये, असे कोणी समजू नये. मूल डोके आपटते, मनगट चावते, त्वचा ओरबाडते, तेव्हा धावून जाणे हेच कर्तव्य आहे. अशा वेळी प्रथम दात, कान व पोट तपासून घ्यावे. बोलू न शकणारे मूल दुखणे सांगायला पुष्कळदा हाच मार्ग धरते. मग खोलीतील गोंगाट, दिव्याचा झगमगाट, दिनक्रमातील अचानक बदल यांकडे पाहावे. चावण्याची गरजच असेल तर चावायला सुरक्षित वस्तू द्यावी. आणि ज्या हालचालीने कोणालाच इजा होत नाही, ती थांबवण्याचा कार्यक्रम एखाद्या केंद्राने आखला, तर पालकांनी फी भरण्यापूर्वी निःसंकोचपणे विचारावे: ही थांबवली तर माझ्या मुलाने शांत व्हायचे कसे? बरेच व्यवसायोपचारतज्ज्ञ या प्रश्नाचे स्वागत करतात. जे वैतागतात, त्यांच्याविषयी पालकांनी पुन्हा विचार केलेला बरा.

तो मुलगा आता तरुण झाला आहे. मध्यंतरी त्या धर्मग्रामाच्या सणाला आम्हाला बोलावणे आले होते. तो तिसऱ्या बाकावर बसला होता, बोटांभोवती निळी दोरी गुंडाळीत. घंटा वाजली. शेजारी बसलेल्या वृद्ध बाईंनी मान न वळवता जरा सरकून घेतले, त्याच्या कोपरांना जागा हवी म्हणून.