लॅपटॉपवर सत्ता कोणाची?

लॅपटॉपवरील उबंटू पुसून तेथे डेबियन बसविणे ही वरकरणी तांत्रिक बाब आहे. फाइलींची प्रत आधी बाहेर काढून ठेवली, की उरलेले काम फारसे नाही. लिब्रेऑफिस दोहोंकडे तेच, मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलकही तोच. मग एका लिनक्समधून दुसऱ्यात जाण्याचा खटाटोप कशासाठी, असे कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर पडद्यावर दिसत नाही. लिनक्सचा गाभा सर्वांचा. परंतु त्याभोवती हजारो आज्ञावली जुळवून देणारे जे 'वितरण', त्याचे निर्णय कोण घेतो हा खरा मुद्दा आहे. उबंटू २००४ साली डेबियनच्याच पायावर उभे राहिले. नवशिक्यांना लिनक्स सुगम करण्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पहिल्या काही वर्षांत तर त्याच्या सीडी टपालाने फुकट घरपोच येत. परंतु उबंटूमागे कॅनॉनिकल ही खासगी कंपनी आहे. २०१२ च्या ऑक्टोबरातील आवृत्तीत, स्वतःच्याच यंत्रातील फाइल शोधण्यासाठी टंकलेले शब्द कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊ लागले आणि निकालांत अॅमेझॉनचा विक्रीचा माल झळकू लागला. बंद करण्याची सोय होती. पण वापरणाऱ्याने न सांगता ते आपोआप बंद राहण्यासाठी २०१६ उजाडावे लागले. आज उबंटूवर फायरफॉक्स येतो तो 'स्नॅप' रूपाने, आणि स्नॅपचे भांडार चालविणारी सर्व्हरवरील आज्ञावली खुली नाही. श्रम जगभरच्या स्वयंसेवकांचे आणि वखारीची किल्ली एका कंपनीकडे, हा प्रकार समाजवाद्यांना अनोळखी नसावा.

डेबियनला मालक नाही. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाने १९९७ साली आपला 'सामाजिक करार' स्वीकारला. त्याचा प्रमुख दरवर्षी सभासदांच्या मतदानाने निवडला जातो. अनेक लॅपटॉपांचे वाय-फाय उत्पादकाच्या बंद फर्मवेअरवाचून चालत नाही, आणि डेबियनच्या अधिकृत प्रतिष्ठापनात तत्त्वापोटी ते नसे. नवखा माणूस तेथेच अडे व उबंटूकडे परते. २०२२ साली हा वाद सभासदांपुढे आला, मतदान झाले, कराराच्या मजकुरात दुरुस्ती झाली आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते फर्मवेअर सोबत येऊ लागले. तत्त्वाला मुरड पडली, हे खरे. कडव्या मंडळींचा आक्षेपही पोकळ नव्हता. पण ही मुरड उघड चर्चेने व मोजलेल्या मतांनी पडली. २०१२ सालच्या त्या निर्णयासाठी कोणाचे मत घेतले गेले होते?

अर्थात डेबियनमध्येही मत असते ते सभासद झालेल्यांनाच. नुसते वापरणाऱ्या लाखोंना ते नाही. आज्ञावलींचे मराठी भाषांतर, दोषांची नोंद, कागदपत्रांची दुरुस्ती या कामांतून तेथे सभासदत्वापर्यंत पोचता येते, त्यासाठी प्रोग्रॅमर असण्याची अट नाही. पण त्या वाटेने जाणारे मराठी कार्यकर्ते अजून थोडेच आहेत.